निळ्या जिभांची मोजणी

चंपाषष्ठीला माझ्या थोरल्यानं, नवनाथनं, प्रसाद घेतला नाही. मी कोटंबा पुढं केला तर हा दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, "आई, ॲसिडिटी झालीय." तासाभरापूर्वी मुख्याधिकाऱ्यांसोबत मिसळीवर दुसऱ्यांदा रस्सा मागून घेताना मी त्याला या डोळ्यांनी पाहिला होता. घरचा देव, भावानं चाखलेला घास, समोर सगळं गाव, आणि याला ॲसिडिटी. पोरगा मोठा झाला की आईला फसवतो हे मला ठाऊक आहे, पण निदान मन लावून फसवावं.

आम्ही देवकाते, देवनिंबच्या खंडोबाचे घरवाघ्ये. वारी मागत हिंडणारे वाघ्ये वेगळे, त्यांचा मान त्यांना. आमचा मान डोणीचा. देवळापुढं काळ्या दगडाची लांबट डोणी आहे. चंपाषष्ठीला तिच्यात बाजरीचा ठोंबरा, रोडगा आणि वांग्याचं भरीत कालवतात आणि गावातली कुत्री आधी जेवतात, कारण कुत्रं खंडोबाचं. मग आमच्या घरचा वाघ्या गुडघ्यावर बसतो, तीनदा भुंकतो आणि हात न लावता त्याच डोणीत तोंड घालतो. उरलेलं कोटंब्यात, म्हणजे देवाच्या लाकडी वाडग्यात, भरून घरोघर चिमूटचिमूट जातं. आधी माझे मालक हे करायचे. त्यांच्यामागं धाकटा मार्तंड करतो. मार्तंडचा गळा असा की त्यानं जागरणाला पहिली हाक घातली की म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर काटा यायचा.

थोरल्याला या सगळ्याची लाज वाटते. तो नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक आहे. गटारं, कचरा आणि कुत्री त्याच्याकडं. लाज मी समजू शकते. शिकलेल्या पोराला आईबापाची लाज वाटायचीच, तेवढ्यासाठी तर आपण शिकवतो. पण त्या दिवशी त्याच्या तोंडावर लाज नव्हती. मी ते तोंड पाळण्यात असल्यापासून ओळखते. ती भीती होती.

इतर वर्षी मार्तंड डोणीला नुसते ओठ टेकवून उठायचा. यंदा कोमलसाठी, त्याच्या बायकोसाठी, नवस होता. दोनदा पोट पडलं होतं तिचं. म्हणून तो पोटभर जेवला, डोणीची एक कड चाटून काढली. नवनाथ मोबाईलवर चित्रण करत उभा होता आणि दर घासाला डोळे मिटत होता. मला वाटलं, धूर जातोय डोळ्यांत.

आता नगरपरिषदेचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आदल्या वर्षी खालच्या आळीतल्या एका सात वर्षांच्या पोरीला कुत्र्यानं ओरबाडलं. घरच्यांनी जखमेत हळद भरली आणि विसरून गेले. दोन महिन्यांनी ती पोरगी पाण्याचा तांब्या बघून किंचाळायला लागली. मी गेले होते बघायला. तिचं ते शेवटचं तोंड मी सांगणार नाही. एवढंच सांगते की कुत्र्यांसाठी काही करू नका, असं म्हणणारी बाई मी नव्हे.

कायदा म्हणत होता, कुत्री मारायची नाहीत. पकडायची, नसबंदी करायची, लस टोचायची. शंभरातल्या सत्तरांना लस झाली तर रोग थांबतो, म्हणून सत्तर झालीच पाहिजेत, नाहीतर अनुदान बंद. कायद्यात वावगं काही नव्हतं. पण तो चालवायला नगरपरिषदेकडं होती एक गाडी, एक जाळं आणि कुत्री धरणारा एक गुलाब. गाडीच्या इंजिनाचा आवाज कुत्र्यांना पाठ. गाडी पेठेत शिरली की कुत्री ओढ्यात, गाडी ओढ्याकडं वळली की कुत्री पेठेत. गुलाब म्हणायचा, "मावशी, नवनाथसाहेबांच्या हिशेबानं मी गावातली सगळी धरली. त्यातली निम्मी अजून मला भेटायची हायत."

मग दिवाळीच्या सुमारास नवी लस आली. जिल्ह्याच्या जनावरांच्या डॉक्टर तांबोळीबाई ती समजावून सांगायला सभागृहात आल्या. बाई सडपातळ, चष्म्याची, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघणारी. मला आवडली.

त्या म्हणाल्या, "पिसाळलेलं कुत्रं चावलं की विषाणू जखमेतून नसेत शिरतो आणि नसेनसेनं मेंदूकडं चढतो. त्याच्या अंगावर एक आवरण असतं. ते आवरण म्हणजे किल्ली. नसेचं कुलूप तिनंच उघडतं. लस देणं म्हणजे काय, तर ती किल्ली शरीराला आधीच दाखवून ठेवायची, म्हणजे चोर आला की शरीर ओळखतं आणि दारातच मारतं. आजवर हे सुईनं करायचो, एकेक कुत्रं धरून. आता आम्ही कुत्र्यांच्या लाळेत कायम राहणारा एक गरीब विषाणू घेतला. त्यानं कुत्र्याला शिंकसुद्धा येत नाही. त्याच्या अंगावर ते आवरण चढवलं. दहातल्या एका कुत्र्याला तो खाऊ घाला, बस. ते ज्याला चाटेल त्याला लस. ज्याच्या ताटात तोंड घालेल त्याला लस. कुत्रीच कुत्र्यांना लस देतील."

मी उठून विचारलं, "बाई, चोराची किल्ली गरिबाच्या हातात दिली. उद्या त्या गरिबालाच वाटलं, आपणबी एखादं कुलूप उघडून बघू, तर?"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "मावशी, हाच प्रश्न आम्ही प्रयोगशाळेत तीन वर्षं विचारला. अजून तरी त्यानं उघडून बघितलेलं नाही."

"अजून म्हणजे?"

"अजून म्हणजे अजून," बाई म्हणाल्या. नवनाथनं माझा पदर ओढला. "आई, बस खाली."

लशीत एक खूण पण जोडलेली होती. साध्या डोळ्याला काही दिसत नाही, पण जांभळ्या उजेडात लस पोचलेली जीभ निळी चमकते. कचराकुंड्यांपाशी आणि चौकाचौकात नगरपरिषदेनं खांब रोवले. खांबाला जांभळा दिवा आणि कॅमेरा. कुत्रं जीभ काढून धापा टाकत गेलं की खांब मोजणार आणि आकडा परस्पर मुंबईला. गुलाबची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. लस कुठं, कशी खाऊ घातली ते नवनाथनं घरात सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "झालं ते काम." मी पण फार खोदलं नाही. सरकारी माणूस 'झालं' म्हणाला की समजायचं, कागदावर तरी झालं.

पौष संपता संपता गावातली कुत्री गप्प झाली.

पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आवाज सुरू झाला की कळतो, थांबलेला कळायला वेळ लागतो. मला कळलं ते आमच्या घरच्या कुत्र्यामुळं, चित्त्यामुळं. भर दुपारी एक परका माणूस गॅसची शेगडी दुरुस्त करायची का म्हणत फाटक उघडून सरळ आत आला. चित्त्या उठला. पाय रोवले, मान वर केली, गळ्याच्या शिरा तटतटून फुगल्या, तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा नाही. तो माणूस म्हणाला, "आजी, कुत्रं जांभया देतंय, झोपू द्या की त्याला." मी त्याला हाकलला आणि चित्त्याजवळ बसले. त्याचं सगळं अंग भुंकत होतं. शेपूट, पाठ, पाय. फक्त गळ्यातून काही येत नव्हतं आणि तो माझ्याकडं असा बघत होता, जसं काही मीच ते काढून घेतलंय.

गाव खूष होतं. झोप चांगली लागते म्हणायचे. नगरपरिषदेनं चौकात फलक लावला, 'शांत देवनिंब, सुरक्षित देवनिंब'. मी नवनाथला म्हटलं, "अरे, कुत्री मुकी झाली. त्या बाईला फोन लाव."

"आई, भुंकण्याच्या तक्रारी शून्यावर आल्यात. मुख्याधिकारी साहेबांनी माझं नाव वर कळवलंय."

"कुत्री मुकी केलीस म्हणून?"

"किरकोळ दुष्परिणाम आहे. जगात सगळ्या औषधाला असतो."

डोंगराच्या अंगाला मेंढक्यांच्या वाड्यात लांडगा शिरला आणि पाच कोकरं घेऊन गेला. राखणीची तीन कुत्री तिथंच उभी होती, लांडग्याच्या अंगावर गेलीही, पण माणसं उठली नाहीत, कारण कुणी उठवलंच नाही. गुलाब मला बाजारात भेटला. एरवी दात काढत बोलणारा माणूस, त्या दिवशी हळू बोलला. "मावशी, पिसाळलेलं कुत्रं आम्ही कशावरून वळखायचो? आवाजावरून. घोगरं भुंकलं की जाळं काढायचं. आता सगळीच सारखी. बाहेरून एखादं पिसाळलेलं आलं तर मला कसं कळायचं?"

कोमलला दिवस गेले. नवस पावला. मार्तंडनं मला कडेवर उचलायचंच बाकी ठेवलं होतं. मी देवाला नारळ फोडला आणि चार दिवस कुत्र्यांचं विसरले.

चैत्रात शेजारच्या वाडीत एका लग्नघरी दिवस मावळायच्या आत तळी उचलायची होती. मार्तंडनं दिमडीवर थाप दिली, नमन सुरू केलं आणि देवाला वर हाक घालायला गेला, तर हाक मध्येच फाटली. जुनं धोतर फाटावं तशी. मंडपातलं कुणी म्हणालं, "मार्तंडा, बायकोला डोहाळे आन् घसा तुझा बसलाय व्हय?" सगळे हसले, तोही हसला. पुन्हा हाक घातली. या खेपेला फाटायलाही काही नव्हतं. तोंड उघडं, मान ताठ, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. मी ते आधी पाहिलेलं होतं. मी हातातलं भंडाऱ्याचं ताट खाली ठेवलं.

आठवड्यात त्याचं बोलणं कुजबुजीवर आलं. मग तेही गेलं. पाणी पिताना नाकातून यायला लागलं. गाव ते गावच. पाणी नाकातून येतंय म्हटल्यावर शेजारणीनं दार लावून घेतलं. तिच्या पोराच्या बारशाला मार्तंड फुकट गायला होता. कुणीतरी बोललंच, पिसाळला म्हणून.

नवनाथ आला. चपला न काढता दारातच उभा राहिला. "आई, शेजारच्या तालुक्यात घशाचा एक चांगला खासगी डॉक्टर आहे. तिकडं न्या. खर्च माझा. आणि तिथं चंपाषष्ठीचं काही बोलू नका."

मी लसूण सोलत होते. हात थांबवला नाही. "चंपाषष्ठीचं काय बोलायचं असतं?"

त्याचा चेहरा उतरला. कारण चंपाषष्ठीचं नाव मी काढलंच नव्हतं. घरात कुणीच काढलं नव्हतं.

"अंधश्रद्धा वगैरे म्हणतात," तो म्हणाला. "शहाणपणानं घे. पुढच्या महिन्यात पथक येणार आहे. देवनिंब रेबीजमुक्त जाहीर होणार. जिल्ह्यातलं पहिलं गाव. माझ्या नावावर."

"आन् भाऊ?"

"भावाला दाखवू की. घसाच आहे."

दुसऱ्या दिवशी मी मार्तंडला आणि कोमलला घेऊन विजेवरच्या एसटीत बसले आणि खासगी डॉक्टरकडं न जाता सरळ जिल्ह्याला तांबोळीबाईंकडं गेले. कोमल म्हणाली, "आत्या, त्या जनावरांच्या डॉक्टर हायत." मी म्हटलं, "म्हणूनच."

बाईंनी मला ओळखलं. "किल्लीवाल्या मावशी," म्हणाल्या. मग मार्तंडकडं बघितलं आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी हातात धरायचा जांभळा दिवा काढला, खोलीतला पडदा ओढला आणि त्याला जीभ दाखवायला सांगितलं.

जीभ निळी होती. मोराच्या गळ्यासारखी. कोमल माझ्या दंडाला धरून उभी होती, तिची नखं मला रुतली.

"कुत्रं चावलं होतं?"

त्यानं मान हलवली, नाही.

"चाटलं होतं? जखम होती कुठं?"

नाही.

"मग हे आत गेलं कसं?" बाई माझ्याकडं वळल्या. मी त्यांना डोणीचं सांगितलं. ठोंबरा, कुत्री, वाघ्या, नवस, सगळं. मी सांगत असताना बाईंनी खुर्चीचा हात धरला आणि त्या सावकाश बसल्या.

"लस त्या डोणीत कालवली होती," त्या म्हणाल्या. "नवनाथ देवकात्यांनीच सुचवलं. सगळी कुत्री एका जागी येतात म्हणाले. मला पटलं. मी विचारलं होतं, तिथं माणसं जेवतात का. ते म्हणाले, नाही, कुत्र्यांचं वेगळं असतं. तरी त्या दिवशी सकाळी मी पुन्हा फोन केला. म्हटलं, हा पहिला हप्ता आहे, हजारपट तीव्र आहे, माणसाच्या तोंडात थेंब जाता कामा नये. ते म्हणाले, नाही जाणार."

मार्तंड माझ्या आणि कोमलच्या मध्ये बसून ऐकत होता. ऐकायला त्याला सगळं येत होतं.

"त्या डोणीतलं आणखी कुणी खाल्लं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही खाल्लं ते विचारा," मी म्हटलं. "सोपं पडंल. एकच माणूस आहे."

बाईंनी मग सरळ सांगितलं. खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. तो गरीब विषाणू एका जिभेवरून दुसऱ्या जिभेवर जाताना दर वेळी थोडा बदलत गेला होता. किल्ली त्याच्या अंगावरच होती. कधीतरी त्यानं ती लावून बघितली. जवळचं कुलूप घशाच्या नसेचं, ते उघडलं. कुत्र्यांत तो तिथंच थांबतो असं दिसत होतं. माणसात थांबतो का, हे कुणाला माहीत नव्हतं, कारण मार्तंडच्या आधी कुणी माणूस नव्हता. त्यांनी मार्तंडला औषध टोचलं, विषाणूला धरून ठेवणारं. त्यानं श्वासाची नस वाचेल म्हणाल्या. घरातच ठेवा, चार आठवडे, हवेशीर खोलीत, ताटवाटी वेगळी, रोज कुणीतरी त्याच्याजवळ बसून घोटघोट पाणी पाजा. गिळताना चुकलं तर फुप्फुसात जाईल. जो माणूस त्याला ओळखतो त्यानंच पाजायचं.

"आवाज?" कोमलनं विचारलं.

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग कोमलच्या पोटाकडं त्यांची नजर गेली आणि त्यांनी ती लगेच काढून घेतली. कोमलनं ते पाहिलं.

"माझ्या बाळाला?"

"जन्मल्यावर रडेल तेव्हा कळेल," बाई म्हणाल्या. "मी तुला खोटं सांगणार नाही."

"आन् ज्यांनी चिमूटभर खाल्लं त्यांचं?" मी विचारलं. "ही लस थांबवा की आता."

बाईंनी चष्मा काढला. "मावशी, पसरायला आम्ही तिला शिकवलं होतं. थांबायला नाही शिकवलं."

त्यांनी माझ्यादेखत वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांनी नगरपरिषदेला विचारलं. नगरपरिषदेनं उत्तर दिलं की असा कोणताही प्रकार हद्दीत घडलेला नाही. उत्तराखाली कुणाचं नाव होतं ते सांगायला नको.

पण खांबाला खोटं बोलता येत नाही. आठ दिवसांनी मार्तंडला मी पुन्हा टोचायला नेत होते. चौकातल्या खांबाखाली एसटीची वाट बघत असताना त्याला ठसका लागला. तो वाकून खोकला, जीभ बाहेर आली आणि वरचा जांभळा दिवा लुकलुकला. खांबानं माझ्या पोराला कुत्र्यांत मोजला.

त्याला एकट्याला मोजला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. गुलाबनं मला सांगितलं, कारण आकडा कचेरीत त्याच्यासमोरच वाचला होता आणि नवनाथनं तो पुन्हा वाचायला लावला होता. गावात कुत्री नऊशे. खांबांनी मोजलेल्या निळ्या जिभा अकराशे. मुंबईहून विचारणा आली, वरचे दोनशे कोण?

ते सगळे प्रसाद खाल्लेले लोक, हसता-खोकताना त्या दिव्यांखाली आलेले; अजून धडधाकट होते, बोलत होते, बाजार करत होते. आपण मोजले गेलोय हे त्यांना ठाऊकही नव्हतं. पण एकाचं लक्षण उघड होतं आणि त्याचा चेहरा कॅमेऱ्यात स्पष्ट होता. पथक चार दिवसांवर आलं होतं. माणसासाठी नियम नव्हता. मुख्याधिकारी म्हणाले म्हणे, माणसांचा नियम यायला वर्ष जाईल, आहे तो लावा. आहे तो नियम म्हणत होता की संशयित वाहक हद्दीबाहेरच्या निवारा केंद्रात हलवावा. आमच्या गावचं निवारा केंद्र कचरा डेपोशेजारी आहे. पत्र्याचं छप्पर, जाळीच्या खोल्या, खाली सिमेंट.

ज्येष्ठातल्या एका सकाळी तीच गाडी आमच्या दारात आली. धुतलेली होती. आत गादी टाकलेली होती, एवढी माणुसकी केली होती. पुढं गुलाब, मागं नवनाथ, तोंडाला पट्टी, हातात रबरी मोजे. आळीतली दारं थोडीथोडी उघडी झाली.

मार्तंड पडवीत खाटेवर बसला होता. कोमल चमच्यानं त्याला पाणी पाजत होती. तिला आता पाचवा लागला होता.

"गुलाब, घे त्याला," नवनाथ म्हणाला.

गुलाब जागचा हलला नाही. "साहेब, मी कुत्री धरतो."

"गुलाब."

"नोकरी घ्या साहेब. मी कुत्रीच धरतो." त्यानं गाडीची किल्ली पायरीवर ठेवली आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

मी दारात आडवी झाले. "तांबोळीबाईंनी सांगितलंय, त्याला घरातच ठेवायचं. घोटघोट पाजायचं. तिथं जाळीत कोण पाजणार त्याला? तू?"

"माणूस नेमू."

"नेमशील. कागदावर."

"आई, लोक बघतायत. आत चल."

"लोकांनी बघावं म्हणून तर मी दारात आहे." देव्हाऱ्यातला बेल आणि भंडाऱ्याची वाटी मी आधीच आणून उंबऱ्यावर ठेवली होती. "हा बेलभंडारा. उचल आणि शपथेवर सांग, त्या दिवशी सकाळी बाईंचा फोन तुला आला नव्हता."

त्याचा मोजा घातलेला हात थोडा पुढं आला. मग खाली गेला. नवनाथ वाईट पोर नाही, हे मी आजही म्हणते. लहानपणी मार्तंडला ताप आला की हाच त्याच्या उशाशी बसायचा. तेवढी लाज त्याच्यात उरली होती की भंडारा हातात घेऊन खोटं बोलला नाही.

"आला होता," तो म्हणाला. "शंभर माणसं होती गं. मुख्याधिकारी होते, कॅमेरा होता. मला वाटलं हा नेहमीसारखा ओठ टेकवून उठेल. मग तो खातच राहिला."

"आन् तू?"

"काय करणार होतो मी? भर समारंभात काय सांगणार, डोणीत लस आहे म्हणून? योजना तिथंच बंद पडली असती. त्या खालच्या आळीतल्या पोरीसारखी आणखी पोरं मेली असती. तू तरी हे समजून घे. या वर्षी गावात पिसाळून एकही माणूस मेलं नाही. एकही नाही."

हे खरं होतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. समोर उभा होता तो खोटं बोलत नव्हता. त्यानं सगळं जुळवून ठेवलं होतं आणि ते जुळत होतं.

"एक हाक मारायचीस," मी म्हटलं. "मारत्या, थांब. दोन शब्द. कारण सांगायची गरज नव्हती. तो थांबला असता. तुझं त्यानं आजवर कधी मोडलेलं नाही."

नवनाथ तोंडावरची पट्टी सारखी करत म्हणाला, "दहा दिवस निरीक्षण. मग जिथून उचललं तिथंच आणून सोडायचं. तसा नियमच आहे. मी स्वतः आणून सोडीन."

खाट वाजली. मार्तंड उठला होता. कोमलच्या हातातला चमचा त्यानं काढून वाटीत ठेवला, तिच्या डोक्यावर हात न टेकवता वरच धरला, आणि आमच्या अंगावरून न जाता भिंतीकडंनं, श्वास आवरून, बाहेर आला. त्याला आम्हाला शिवायचं नव्हतं. गाडीच्या मागच्या दाराशी तो थांबला आणि वळून माझ्याकडं काहीतरी बोलला. तोंड उघडलं, ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या. पुष्कळ बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. मी त्याची आई आहे आणि मला एक अक्षर कळलं नाही.

मग तो वाकून आत बसला. दार नवनाथनं लावलं. कडी घालताना आवाज झाला आणि गल्लीतली तीन-चार कुत्री सवयीनं उठून उभी राहिली, माना वर करून, तोंडं उघडून.

नवनाथनं पायरीवरची किल्ली उचलली. "येतो आई," म्हणाला.

मी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलले. माझा आवाज अजून शाबूत होता, आणि किती दिवस राहील ते ठाऊक नव्हतं.

"दहा दिवसांनी आणून सोड त्याला. नियम आहे, तू पाळशील. पण तू या उंबऱ्याच्या आत यायचं नाहीस. त्याचा आवाज रोगानं नेला, त्यात त्याचा दोष नाही. तुझा गळा धड होता, नवनाथ. तुला हाक मारता येत होती आणि तू भाऊ खात असताना बघत उभा राहिलास. मला आता मुलगा एकच आहे, आणि तो मुका आहे."